सीनाकाठचे ठाणे : प्रस्तावना

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर स्थानकापासून उत्तरेस करमाळ्याकडे जाणारी दहा-अकरा मैलांची वाट ज्या मुलखातून जाते, त्या मुलखाला डोंगराचा आधार नाही, अरण्याचा आडोसा नाही आणि पावसाचा भरवसा तर मुळीच नाही. एका अंगास भीमा, दुसऱ्या अंगास सीना, आणि या दोन नद्यांच्या मध्ये कोठे काळ्या रानात शाळू, तर कोठे मुरमाड माळावर कुसळी गवत, हिवर-बाभळी आणि धनगरांची मेंढरे, असे या भूमीचे शतकानुशतकांचे रूप आहे. अशा उघड्या प्रदेशात जो कोणी अंमल बसवू पाहील, त्याला सह्याद्रीतल्या राजाप्रमाणे कड्याकपारींचे आयते संरक्षण लाभत नाही; त्याला खंदक खणून, तट रचून, बुरूज बांधून आपले ठाणे सपाटीवरच वसवावे लागते, आणि ते वसवल्यावर चहू दिशांच्या रयतेशी, वाटसरूंशी, पलीकडच्या सरकारच्या माणसांशी आणि दोन्ही सरकारांना चुकवून जगणाऱ्यांशी रोजचा व्यवहार ठेवावा लागतो. सरहद्दीवरील अशा ठाण्याचा इतिहास हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय.

महाराष्ट्रात दुर्गांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा ओघ स्वाभाविकपणेच गिरिदुर्गांकडे आणि जलदुर्गांकडे वळलेला आहे. रायगड, राजगड, सिंहगड, सिंधुदुर्ग यांच्याशी स्वराज्याची स्मृती निगडित असल्यामुळे तेथील प्रत्येक बुरुजाला चरित्रकार मिळाला. परांडा, नळदुर्ग, औसा, सोलापूर, करमाळा, खर्डा या माळावरच्या भुईकोटांच्या वाट्याला मात्र हे भाग्य फारसे आले नाही. याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. गिरिदुर्ग संकटकाळी आश्रय देतो, म्हणून तो लोकांच्या प्रेमाचा विषय होतो. भुईकोट हा बारमाही वसुलीचा, जकातीचा, पहाऱ्याचा, चौकशीचा आणि कैदेचा असतो, म्हणून त्याच्याविषयी लोकांच्या मनात आदर असला तरी त्यात भीतीचा अंश मिसळलेला असतो. पण राज्यसंस्था सामान्य मनुष्याला प्रत्यक्ष कोठे भेटत होती, हा प्रश्न ज्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटतो, त्याला गडापेक्षा ठाण्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

हा मुलूख सरहद्द झाला तो एकदाच नव्हे. बहमनी राज्याची शकले झाल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यामधील ओढाताणीत सोलापूर-परांड्याचा टापू वारंवार या हातातून त्या हातात गेला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबराने निजामशाहीचा वारस गादीवर बसवून काही काळ परांड्यासच राजधानीचा मान दिला. पुढे १६३२ मध्ये याच परांड्याच्या किल्ल्यावरून ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ विजापुरास नेण्यात आली. मोगलांचा अंमल ढिला झाला तेव्हा अठराव्या शतकात पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचे निजाम यांच्या सत्तांची सीमा येथे येऊन भिडली. १७९५ च्या मार्चात जी खर्ड्याची लढाई झाली तिचे मैदान करमाळ्याहून फार दूर नाही. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकार आणि निजाम यांची हद्द येथे राहिली, १८२२ च्या तहाने तिच्यात काही मुलखाची अदलाबदल झाली, आणि मग १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलातील रयत व निजामाच्या राज्यातील रयत समोरासमोर नांदत राहिली. दोन गावांची भाषा एक, दैवते एक, सोयरिकी एक. परंतु अलीकडच्या बाजारात कलदार रुपया आणि पलीकडच्या बाजारात हाली रुपया, अलीकडे इंग्रजी कायद्याचे कलम आणि पलीकडे निजामाचे फर्मान, आणि दोहोंच्या मध्ये करोडगिरीचा नाका. साधारण सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशोब ज्या शेतकऱ्याला तोंडपाठ असे, त्याला सरहद्द म्हणजे काय हे नकाशावरून शिकावे लागत नसे.

या परिसरातील मध्यवर्ती वास्तू म्हणजे करमाळ्याचा किल्ला. निंबाळकर घराण्यातील रावरंभा हे निजामाच्या पदरचे मातब्बर सरदार; पुण्याच्या बाजूस असलेल्या त्यांच्या जहागिरीच्या मोबदल्यात त्यांना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात करमाळ्याकडील मुलूख मिळाला, आणि पेशव्यांच्या दाराशी असलेला निजामाचा हा सरदार सरहद्दीच्या ऐन रेषेवर येऊन बसला. किल्ल्याचे काम रावरंभांनी आरंभिले आणि त्यांचे चिरंजीव जानोजीराव यांनी ते पूर्णत्वास नेले. गावाबाहेरील कमलाभवानीचे देवालय आणि शहाण्णव पायऱ्यांची विहीर ही त्याच घराण्याची पुण्याई समजली जाते. इंग्रजी अंमलात, १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरने या किल्ल्याची गणना दख्खनमधील मोठ्या भुईकोटांत केली असून त्याचा विस्तार सुमारे पाव चौरस मैल सांगितला आहे. तटाच्या आत सुमारे शंभर घरे होती आणि मामलेदाराची कचेरी तेथेच भरत होती. जहागीरदाराचे ठाणे आणि सरकारची कचेरी यांच्या आसनाची जागा एकच राहावी, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. राज्यकर्ते बदलले, सनदा बदलल्या, शिबंदीचा पोशाख बदलला; परंतु फिर्याद घेऊन येणाऱ्या कुणब्याला चढाव्या लागणाऱ्या पायऱ्या त्याच राहिल्या.

मात्र ठाण्याची सत्ता त्याच्या तटापुरती पाहिली, तर या मुलखाच्या बंदोबस्ताचे रहस्य हाती लागत नाही. किल्ल्यातील मूठभर शिबंदीने शंभर-दीडशे गावांवर रात्रंदिवस नजर ठेवणे केव्हाही शक्य नव्हते. ते काम गावच करीत होता. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन मोठ्या आस्थेने आले आहे. पाटील हा गावच्या शांततेचा जबाबदार. त्याच्या हाताखाली जागल्या, महार आणि जेथे वतन असेल तेथे रामोशी. रात्री गस्त घालावी, परका मनुष्य वेशीत आला तर तो कोण, कोठून, कशासाठी हे विचारावे, आणि चोरी झाली तर उजाडताच माग काढावा, असा दंडक होता. ही माग काढण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पहाऱ्याचा मनुष्य चोराच्या पावलाचा ठसा शोधून त्याची लांबी-रुंदी काडीने मोजी, वहाणेला खिळे असतील तर त्यांची मांडणी ध्यानात ठेवी, टाच कोणत्या बाजूस अधिक रुतली आहे हे पाही, आणि ते माप घेऊन मुरमाड माळ, ओढ्याची वाळू, नांगरट असे सर्व ओलांडीत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जाई. तेथे त्या गावचा जागल्या बोलावला जाई, त्याला ठसा दाखवून माग त्याच्या हवाली केला जाई, आणि मग पुढची जबाबदारी त्या गावची. ज्या गावच्या शिवारात माग शिरला आणि बाहेर पडलेला दाखवता आला नाही, त्या गावाने चोर द्यावा, नाही तर गेलेला ऐवज भरून द्यावा. या एका रिवाजात सरहद्दीवरच्या बंदोबस्ताचे सारे बळ आणि सारी कठोरता एकत्र आली आहे. बळ असे की, भूमीची बारीकसारीक ओळख असलेला मनुष्य राज्याच्या उपयोगी पडे. कठोरता अशी की, निरपराध गावास दुसऱ्याच्या गुन्ह्याची भरपाई करावी लागे, आणि त्या भरपाईचा शेवटचा भार बहुधा गावातील सर्वांत दुर्बळ घरावर पडे.

१८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट जनरल मन्रोच्या सैन्याच्या स्वाधीन झाला, तेव्हा या मुलखात नव्या अंमलाचा पाया पडला. नव्या सरकारने आरंभी जुनी व्यवस्था मोडली नाही. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने तिला कायद्याच्या चौकटीत बसवले एवढेच. परंतु तिच्यातील विश्वासाचा भाग हळूहळू आटत गेला आणि जबाबदारीचा भाग तेवढा उरला. उमाजी नाईकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुरंदरच्या परिसरातील पहाऱ्याचे हक्क गेलेल्या रामोश्यांचा हा पुढारी सरकारशी झुंजला. मध्यंतरी सरकारने त्याला माफी देऊन बंदोबस्ताचेच काम सोपवले. पुढे पुन्हा बिघाड झाला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आली. पहारेकरी आणि बंडखोर यांच्यामधील अंतर किती थोडे होते आणि ते अंतर मनुष्याच्या स्वभावापेक्षा सरकारच्या धोरणावर किती अवलंबून होते, हे या एका चरित्रावरून दिसून येते.

पुढील काळात पोलिसांची जी नवी घडण झाली, तिचा उगम या मुलखाबाहेर, किंबहुना या देशाबाहेर आहे. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर याने तेथे आयर्लंडमधील शिपायांच्या दलाच्या धर्तीवर, महसुलापासून अलग आणि लष्करी शिस्तीत वाढवलेले, पोलीस दल उभे केले. त्याचेच अनुकरण करून १८५३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यास स्वतंत्र सुपरिंटेंडेंट नेमण्यात आले, १८६१ मध्ये हिंदुस्थान सरकारचा पोलीस कायदा झाला, आणि १८६७ मध्ये मुंबई इलाख्यापुरता ग्राम-पोलिसांचा कायदा होऊन पोलीस-पाटील हा सरकारी साखळीतील शेवटचा दुवा ठरला. याच आयरिश घडणीची दुसरी शाखा पृथ्वीच्या पलीकडच्या गोलार्धात, कॅनडाच्या गवताळ मैदानांत, रुजली. १८७३ च्या जूनमध्ये सायप्रेस टेकड्यांत दारूच्या व्यापाऱ्यांनी आणि लांडग्यांच्या शिकाऱ्यांनी असिनिबोइन लोकांची कत्तल केली. त्याच वर्षी स्थापन झालेले घोडेस्वार पोलीस पुढच्या वर्षी पश्चिमेकडे निघाले, त्यांनी १८७४ मध्ये फोर्ट मॅक्लाउड आणि १८७५ मध्ये फोर्ट वॉल्श ही लाकडी कुडाची ठाणी उभारली. अमेरिकन सैन्याशी लढून सरहद्द ओलांडून आलेला सू लोकांचा नायक सिटिंग बुल याच्याशी फोर्ट वॉल्शमधून बोलणी चालली; आणि १८८३ मध्ये, रेल्वेचा मार्ग दुसरीकडून गेल्यावर व मूळ रहिवाशांना राखीव भूमींत घालवून दिल्यावर, फोर्ट वॉल्श मोडून टाकण्यात आले. त्या ठाण्याचे आयुष्य जेमतेम आठ वर्षांचे, आमच्या ठाण्याचे अडीच शतकांचे. तेथे लाकडी कूड, येथे दगडमातीचा तट. तरीही उघडे माळरान, दोन सरकारांची सीमा, सीमेपलीकडे आश्रय शोधणारे लोक आणि कायद्याच्या नावाने आलेली मूठभर घोडेस्वार माणसे हा सारा मेळ दोन्हीकडे सारखाच आहे. दोन्ही ठिकाणी एकच शिकवण मिळते: सरहद्दीवरच्या ठाण्याला स्थानिक माणसाचा विश्वास लाभला, तर थोडी माणसे पुरतात, तो गेला, की पलटणीही पुरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा सीनाकाठच्या ठाण्यांच्या कसोटीचा काळ होता. १८५९ मध्ये लोहमार्ग या टापूतून पुढे सरकला आणि १८६० मध्ये तो सोलापूरला पोहोचला. बालाघाटाकडून पुण्याकडे जाणाऱ्या आणि अहमदनगराहून सोलापूरकडे येणाऱ्या वाटांचा सांधा असल्यामुळे करमाळ्याच्या पेठेला जे वैभव आले होते, ते हळूहळू रुळांकडे वळले. लमाणांचे तांडे आणि बैलांच्या पाठीवरची गोणी यांची जागा मालगाडीने घेतली. जेऊर, केम, कुर्डुवाडी या ठिकाणांना नवे महत्त्व आले, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर पहाऱ्याचेही लक्ष स्थानकाकडे गेले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांची धग इंदापूर-कर्जतपर्यंत आली होती. १८७६-७७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्यातून १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांस लागू करण्यात आला, यावरून या टापूच्या दुःस्थितीची कल्पना येईल. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी व अन्य साथीदारांसह उठाव केला आणि पाठलाग टाळण्यासाठी निजामाच्या मुलखाचा आश्रय घेतला. जुलै महिन्यात विजापूरकडील देवर नावदगी या गावी मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतील अधिकारी अब्दुल हक यांनी मिळून त्यांना पकडले. एरवी एकमेकांकडे साशंकतेने पाहणारी दोन सरकारे बंडाची वार्ता येताच कशी एकत्र येत, याचे हे ठळक उदाहरण होय.

यापुढचा अध्याय लिहिताना लेखणी जड होते. पहारा, शिकार, मीठ-धान्याची वाहतूक, दगडफोड, औषधी मुळ्यांची विक्री अशा फिरत्या धंद्यांवर ज्यांचे पोट होते, त्यांचे धंदे रेल्वेने आणि जंगल-कायद्यांनी नेले. आणि पोट भरण्याचे साधन गेलेल्या या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा, जो १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आला होता, तो १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापुरात तारांच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली. तिच्यातील स्त्री-पुरुष दिवसा गिरण्यांत राबत आणि ठरल्या वेळी हजेरीला उभे राहत. गावोगाव फिरणाऱ्यास परवान्याचा कागद दाखवावा लागे. ज्या जमातींतून माग काढणारे आणि रात्र जागवणारे निपजले, त्यांतल्या कितीएकांचीच पावले आता मोजली जाऊ लागली. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा देशभरातून रद्द झाला खरा. परंतु कायद्याने घातलेले कुंपण निघाले तरी संशयाचे कुंपण निघण्यास अधिक काळ लागतो, याची साक्ष लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये मराठी वाचकांस दिली.

सरहद्दीच्या इतिहासाचा शेवटचा अंकही सोलापूर जिल्ह्याशीच निगडित आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहरात लोकक्षोभापुढे पोलिसांची सत्ता काही दिवस लुप्त झाली, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी देण्यात आली. १९४७ नंतर निजामाचे राज्य भारताबाहेर राहू पाहत असताना रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे सीना ओलांडून अलीकडे आली, आणि बार्शी-सोलापूरच्या बाजूस हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते छावण्या घालून राहिले. ज्या सीमेवर दीडशे वर्षे अलीकडचे गुन्हेगार पलीकडे पळत, त्याच सीमेवरून आता पलीकडचे निरपराध अलीकडे धावू लागले. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापुराहून निघालेल्या भारतीय फौजांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, पाच दिवसांत निजामाने हार पत्करली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर सीनेच्या दोन्ही तीरांवर एकाच सरकारचा अंमल सुरू झाला. सरहद्द गेली, ठाणी तेवढी राहिली.

या विषयाचा अभ्यास आजवर ज्या निरनिराळ्या परंपरांनी केला, त्यांचाही परिचय नवख्या वाचकास असणे अगत्याचे आहे. पहिली परंपरा बखरी, कैफियती आणि घराण्यांच्या हकिकती यांची. तिच्यात सनदा, मानपान आणि लढाया यांचे तपशील मिळतात, परंतु पहाऱ्याचा शिपाई क्वचितच बोलतो. दुसरी परंपरा इंग्रज अधिकाऱ्यांची. एल्फिन्स्टनचा अहवाल, कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये रामोश्यांविषयी लिहिलेले पुस्तक आणि जेम्स कॅम्बेल याच्या संपादकत्वाखाली निघालेले गॅझेटियरचे खंड ही तिची ठळक फळे. या लेखकांचे परिश्रम थोर, निरीक्षण सूक्ष्म. परंतु पाहणारा डोळा राज्यकर्त्याचा, म्हणून जे मोजता आले ते त्यांनी नोंदले आणि जे सोसले गेले ते बहुधा सुटले. तिसरी परंपरा कागदपत्रांच्या संशोधकांची. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, आणि त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘निजाम-पेशवे संबंध’ हा ग्रंथ यांनी दोन सत्तांमधील व्यवहाराचा पाया घातला. शेजवलकरांनी निजामाकडे केवळ शत्रू म्हणून न पाहता शेजारची राज्यसंस्था म्हणून पाहिले, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

चौथी परंपरा मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचा उद्गाता एकच, त्रिंबक नारायण आत्रे. महसूल खात्यात काम केलेल्या या अधिकाऱ्याने १९११ मध्ये ‘गुन्हेगार जाती’ आणि १९१५ मध्ये ‘गाव-गाडा’ हे ग्रंथ लिहून गावचा कारभार, वतनदार, बलुतेदार, फिरस्ते आणि पोलीस यांचे असे चित्र रेखाटले की, तसे चित्र कचेरीत बसून कोणालाही रेखाटता आले नसते. त्यांच्या काही निष्कर्षांवर त्यांच्या काळाची आणि पदाची छाया आहे, ती आजच्या वाचकाने ओळखली पाहिजे. पण गाव आणि ठाणे यांचा संबंध हाच अभ्यासाचा खरा विषय आहे, ही दृष्टी त्यांचीच. पाचवी परंपरा अलीकडची: भटक्या-विमुक्त समाजांतून आलेल्या लेखकांची आणि त्यांच्या अनुभवांवर उभ्या राहिलेल्या सामाजिक इतिहासाची. तिने प्रश्नच उलटा केला. ठाण्यातून गावाकडे पाहण्याऐवजी, ज्याला ठाण्यात ओढून नेले त्याच्या बाजूने तटाकडे पाहावयास तिने शिकवले. या पाच परंपरांचा एकमेकींशी संवाद आजपर्यंत फार थोडा झाला आहे. मोडी वाचणाऱ्याने आत्मकथने वाचली नाहीत, आणि आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्याने मोडीचा कागद हाती धरला नाही.

हे सारे आज कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर देणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. पहिले कारण वास्तूंचे. मातीचे तट पावसाने खचतात, गढ्यांची पांढरी माती खत म्हणून शेतांत जाते, बुरुजांचे घडीव दगड नव्या घरांच्या पायात दिसतात. आणि गिरिदुर्गांस जशी तरुणांची वर्दळ व स्वयंसेवकांचे हात लाभले, तसे या भुईकोटांस अद्याप लाभलेले नाहीत. दुसरे कारण कागदांचे. पाटील-कुलकर्ण्यांची वतने कायद्याने संपली, महारवतने १९५८ च्या कायद्याने गेली, आणि त्या वतनांबरोबर जुन्या वाड्यांतील दफ्तरांचे राखणदारही गेले. ज्या रुमालांत जामीनकतबे, मुचलके, शिवेचे तंटे आणि मागाचे कज्जे बांधलेले आहेत, ते रुमाल आज सोडवले नाहीत तर उद्या सोडवण्यास उरणार नाहीत. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. विमुक्त जमातीतील मनुष्य आजही एखाद्या गावच्या माळावर पाल ठोकून राहिला आणि त्याच रात्री गावात चोरी झाली, तर पहिला संशय कोणावर जातो, हे सांगावयास नको. अपरिचित मनुष्य हा संशयित समजावा, ही सवय एका रात्रीत लागलेली नाही. ती कोणत्या गरजेतून जन्मली, कोणत्या कायद्याने पक्की झाली आणि कोणाच्या सोयीसाठी टिकली, हे इतिहासच दाखवू शकतो. जी सवय इतिहासाने लावली, ती नैसर्गिक नाही, हे एकदा उमगले म्हणजे ती सोडण्याचा मार्गही दिसू लागतो.

या ग्रंथाचा प्रयत्न एवढाच की, सीना आणि भीमा यांच्यामधला हा एक टापू प्रमाण मानून, ठाणे आणि गाव यांचा अडीचशे वर्षांचा व्यवहार एका सलग दृष्टीने मांडावा. करमाळ्याचा कोट येथे केंद्रस्थानी आहे. परंतु त्याच्या तटाचे मोजमाप आणि दरवाजांचे वर्णन येथे साधन म्हणून येते, साध्य म्हणून नव्हे. रावरंभांची सनद, मामलेदाराचा शेरा, गॅझेटियरमधील आकडा, जागल्याच्या वंशजांनी सांगितलेली आठवण आणि वसाहतीत जन्मलेल्या वृद्धेचे कथन या सर्वांना येथे पुरावा म्हणून सारख्याच कसोटीला लावले आहे: ते कोणी सांगितले, कोणासाठी सांगितले, आणि सांगण्यात त्याचा काय लाभ होता. शिपाई, फौजदार, पाटील, रामोशी, महार, लमाण, कैकाडी, सावकार, निर्वासित यांपैकी कोणालाही येथे केवळ खलपुरुष वा केवळ बळी म्हणून उभे केलेले नाही. तुटपुंज्या पगारावर थंडीवाऱ्यात सीमेवर गस्त घालणारा शिपाईही याच मातीतला होता आणि त्याच्याही वाट्याला अन्याय आला होता, हे विसरून लिहिलेला इतिहास अपुरा राहतो.

विद्यापीठांतील अभ्यासकांबरोबरच शाळांतील शिक्षक, पोलीस खात्यात उमेदीने प्रवेश करणारे तरुण आणि आपल्या गावच्या पडक्या वेशीकडे कुतूहलाने पाहणारे विद्यार्थी या सर्वांनी हा ग्रंथ हाती घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. त्यांतील पोलिसांत जाणाऱ्या तरुणांना मी विशेष आग्रहाने सांगेन की, ज्या ठाण्यात तुमची नेमणूक होईल, त्याच्या चार भिंतींना गावकऱ्यांच्या स्मृतीत फार जुना इतिहास आहे. तो जाणून घेतलात, तर फिर्याद द्यावयास आलेला मनुष्य उंबरठ्यावर का घुटमळतो, हे तुम्हांस त्याला न विचारताच कळेल, आणि त्याला आत बसवून त्याचे म्हणणे ऐकून घेणे हे आपल्या कामाचे पहिले अंग आहे, हेही पटेल. सरहद्दीचे दिवस संपले आहेत. त्या दिवसांत मनाला जडलेला संशय संपवण्याचे काम अजून शिल्लक आहे, आणि त्या कामी या ग्रंथाचा उपयोग झाला तर त्यामागील परिश्रम सार्थकी लागले असे मी मानीन.

जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर